शिकलगारांच्या हातचे तंबोरे

१८५५ सालच्या जानेवारीत, इटलीतील जुनी वाद्ये हुडकीत गावोगाव हिंडणारा लुइजी तारिझियो नावाचा एक विक्षिप्त संग्राहक निवर्तल्याची वार्ता पॅरिसला पोचली, तेव्हा झाँ-बातीस्त व्हियोम या तेथील नामांकित व्हायोलिनकाराने क्षणाचाही विलंब न लावता थेट आल्प्सपलीकडचा रस्ता धरला. नोव्हाराजवळच्या एका शेतघरात मृताच्या वारसांशी बोलणे झाले, आणि १४४ वाद्ये ८०,००० फ्रँकांस त्याने एकरकमी उचलली. त्या ढिगात क्रेमोनाच्या स्त्रादिवारीने १७१६ साली केलेले, जवळजवळ कोणी न वाजविलेले एक व्हायोलिन होते. तारिझियो त्याची थोरवी वर्षानुवर्षे सांगे, पण दाखवीत मात्र कधीच नसे; म्हणून व्हियोमचा जावई, व्हायोलिनवादक अलार, याने ज्यूंच्या त्या सदैव यावयाच्या राहिलेल्या मसीहाची उपमा त्याला थट्टेने दिली, आणि तेच नाव त्या वाद्यास कायमचे चिकटले.

व्हियोमचा जन्म १७९८ चा, फ्रान्सच्या पूर्वेकडील मिरेकूर या गावचा. घरोघर व्हायोलिन घडविणारे ते गाव, आणि याचे घराणेही त्याच धंद्यातले. विसाव्या वर्षी तो पॅरिसला आला, आधी शानो आणि मग लेते यांच्या हाताखाली राबला, आणि १८२८ मध्ये त्याने स्वतःचे दुकान थाटले. नव्या व्हायोलिनांस गिऱ्हाईक नव्हते. वादकांस जुनी इटालियन वाद्ये हवी असत आणि ती परवडत नसत. या अडचणीतून व्हियोमने आपला मार्ग काढला. दुरुस्तीसाठी आलेले प्रत्येक जुने वाद्य त्याने मापले, लाकडाची जाडी टिपली, रोगणाचा रंग आणि त्यावरील झिजेच्या खुणासुद्धा अभ्यासिल्या, आणि मग स्त्रादिवारी व ग्वार्नेरी यांच्या हुबेहूब प्रतिकृती करून व्हायोलिन ३०० फ्रँकांस व चेलो ५०० फ्रँकांस विकावयास प्रारंभ केला. विख्यात वादक पागानिनीच्या ग्वार्नेरी व्हायोलिनची त्याने केलेली नक्कल खुद्द पागानिनीसही मुळापासून वेगळी ओळखता येईना, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या माणसाच्या बाजारातील पतीचा दाखला तिच्यावरून मिळतो. त्याच्या कारखान्यातून एकंदर ३,००० हून अधिक वाद्ये बाहेर पडली आणि तो आतून त्यांवर क्रमांक घालीत असे. साडेतीन मीटर उंचीचा, तरफा आणि पायपट्ट्या दाबून वाजवावयाचा एक अजस्र खर्जवाद्याचा प्रकारही त्याने करून पाहिला. तो काही चालला नाही, आणि चालण्याजोगाही नव्हता.

हे सारे पॅरिसमध्ये चालू होते, त्याच सुमारास कृष्णाकाठी मिरजेला फरीदसाहेब आणि मोहिद्दीन या शिकलगार घराण्यातील कारागिरांनी तलवारी बाजूस ठेवून सतारी-तंबोरे हाती घेतले. साल बहुधा १८५० च्या आसपासचे सांगतात. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणारा. पेशवाई बुडाली, फौजा बरखास्त झाल्या, संस्थानांच्या शिलेखान्यांतली पाती नुसती शोभेची उरली, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा रोजमुरा पात्याच्या धारेवर अवलंबून होता, त्या घरांस दुसरा उद्योग पाहणे प्राप्त झाले. मिरज हे पटवर्धन संस्थानिकांचे गाव, आणि त्यांच्या दरबारी गवयांची ये-जा असे. परंपरा अशी सांगते की दरबाराशी संबंधित गवयांची मोडकी वाद्ये दुरुस्तीस या मंडळींकडे येऊ लागली, आणि दुरुस्ती करताकरताच त्यांस नवे घडविण्याची विद्या साधली. व्हियोमही दुरुस्तीतूनच शिकला होता. परंतु त्याच्यापुढे क्रेमोनाचा दीडशे वर्षांचा आदर्श मापून घेण्याजोगा पडला होता, आणि फरीदसाहेबांपुढे होते ते फक्त गवयाचे कान. आलेल्या वाद्यात काय बिघडले आहे, हे त्या कानांनी सांगावे आणि कारागिराच्या हातांनी ते समजावून घ्यावे, एवढीच ती शाळा.

तंबोऱ्याचे सामान मिरजेत होत नाही. भोपळा येतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या, भीमाकाठच्या शेतांतून. खाण्याचा नव्हे, जाड सालीचा आणि मुद्दाम आकार धरून वाढविलेला. तो वेलावर पुरता पिकवितात, महिनोन्‌महिने सुकवितात, मग कापून आतील गर खरवडून काढतात, आणि पाण्यात भिजवून आत लाकडाचे आधार देऊन तोंड हवे तेवढे रुंद करतात. वरची तबली आणि पोकळ दांडी तुणीच्या लाकडाची. सरसाने सांधे जुळवून, वर लाखेचे रोगण चढवून आणि पूर्वी शिंगाच्या वा हस्तिदंताच्या, आता प्लॅस्टिकच्या, पट्ट्यांची नक्षी बसवून वाद्य सजते. पुरुषी गळ्याचा तंबोरा मोठ्या घेराचा आणि लांब दांडीचा, बायकी गळ्याचा त्याहून लहान. इथवरचे काम कोणाही मनगटाच्या सुताराला वर्षा-दोन वर्षांत जमावे, असे मला वाटते. खरी परीक्षा त्यापुढेच असते.

तबलीवर घोडी बसते. व्हायोलिनची घोडी पातळ आणि उभी. तार तिच्या कडेवर एका बिंदूत टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद, पाठीवर अगदी मंद उताराची, आणि तार त्या उतारावर जणू निजलेली. तार छेडली की ती थरथरत त्या पाठीला लागत-सुटत राहते. या पाठीला कानशीने घासून असा काही बाक देतात की ते लागणे-सुटणे खरखरीत न होता एकसारखे गुंजन व्हावे. यालाच जवारी लावणे म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवितात, तो केसभर पुढे-मागे करून आवाज मोकळा किंवा मिटलेला करता येतो, आणि या धाग्याला गवई मंडळी जीव म्हणतात. जवारी बरोबर लागली म्हणजे खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला गंधार आपोआप निघू लागतो. खर्जाचा पाचवा अंश तो, तारेत नेहमीच असतो, परंतु इतर वाद्यांत दबलेला राहतो.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात याच घोडीचे त्यांस नवल वाटले. तार ज्या ठिकाणी छेडावी, त्या ठिकाणी ज्या अंशस्वराचा स्थिर बिंदू असेल, तो अंशस्वर त्या आघातातून निघू नये, असा पाश्चात्त्य नादशास्त्रातील नियम; तंबोऱ्याने मात्र तो सरळ मोडला, आणि मोडला तो घोडीच्या रुंद पाठीमुळे, असे रामन यांस आढळले. युरोपात शास्त्रज्ञ आणि कारागीर यांचे सहकार्य पूर्वीच झाले होते: फेलिक्स साव्हार या भौतिकशास्त्रज्ञाने व्हियोमच्या साहाय्याने जुन्या व्हायोलिनांच्या लाकडाचे प्रयोग केले. आपल्याकडे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचे मापन केले, तेव्हा अब्दुल करीमखाँसाहेबांचा गळा त्यांच्या कामी आला. परंतु देवलांनी गळा मोजला. घोडी मोजावयास बसावे, असे मिरजेच्या शेजारी राहूनही कोणास सुचले नाही. कारागिराच्या हाती असलेली विद्या विद्वानांच्या दप्तरी दाखल होण्यास आपल्याकडे नेहमीच उशीर लागतो.

आता या घोडीचा एक स्वभाव लक्षात घेण्याजोगा आहे. तार रोज तिच्या पाठीवर थरथरते, म्हणून तिथे बारीक खाचा पडतात, बाक बदलतो, आणि काही महिन्यांच्या नित्य रियाजानंतर आवाज चिरका होऊ लागतो. मग तंबोरा पुन्हा कारागिराकडे गेला पाहिजे. व्हायोलिन पुरे झाले की कारागिराचे नाव आत चिकटवावे, क्रमांक घालावा, आणि वाद्याने पुढे आपला संसार आपण करावा. वर्षे जातील तशी त्याची किंमत चढत जाते, आणि मसीहासारखे वाद्य तर वाद्यव्यापारी हिल बंधूंनी ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयास दिल्यापासून काचेच्या पेटीत राहूनच जगप्रसिद्ध आहे. तंबोऱ्याच्या बाबतीत हे संभवतच नाही. पेटीत ठेवलेल्या तंबोऱ्याला कोण विचारतो? आणि वापरातला तंबोरा कधीही शेवटचा पुरा होत नाही. व्हियोम १८७५ मध्ये वारला आणि त्याच्या हातचा कारखाना त्याच्याबरोबरच संपुष्टात आला. त्याने केलेली वाद्ये राहिली. मिरजेत नेमके उलटे घडले. फरीदसाहेबांच्या हातचे असे आज बोट दाखवून सांगता येईल असे वाद्य मिळणे दुर्घट आहे, पण त्यांचा हात, म्हणजे घोडी घासण्याची ती सवय, सतारमेकर गल्लीतील घरांतून पिढीमागून पिढी उतरत गेली, कारण गवयांस तिची गरज दर काही महिन्यांनी पडत होती. शिकलगारीचा या कामाशी संबंध केवळ योगायोगाचा होता, असेही मला वाटत नाही. धार पाहावयाची ती डोळ्यांनी नव्हे, अंगठ्याने. पात्याचा कणभर उंचवटा ज्या बोटांना कळे, त्यांनाच घोडीच्या पाठीचा कणभर बाक कळला असला पाहिजे.

गरज वाढविणारी माणसेही मिरजेस लाभली. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तेथे राहिले. डोळ्यांस अपघात झालेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांस संस्थानिकांनी त्यांच्या स्वाधीन केले. आणि पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून गाणे मध्यमवर्गीय घरांत नेले, तेव्हा त्या घरांना तंबोराही लागला. अब्दुल करीमखाँसाहेब तर मिरजेचेच झाले. जवारी लावण्यात ते स्वतः निष्णात होते. आपला तंबोरा दुसऱ्याच्या हाती देणे त्यांस रुचत नसे, असे सांगतात. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले, देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी गाण्याचा उत्सव होतो. त्या उत्सवाला जमणाऱ्या गवयांचे तंबोरे गल्लीत दुरुस्तीला येतात, म्हणजे उत्सव आणि धंदा एकमेकांच्या आधाराने चालतात.

आमच्या ओतूर-जुन्नरकडे ख्यालगायन फारसे रुजले नाही, पण तंतुवाद्य नाही असे कोणी म्हणू नये. मांडवीकाठी कपर्दिकेश्वराजवळ तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे, आणि माघ शुद्ध दशमीला तिथे उत्सव असतो. हरिनाम सप्ताहात विणेकरी वीणा घेऊन उभा असतो. अखंड सप्ताहाचा नियम असा की ती जमिनीवर टेकवावयाची नाही, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जावयाची. मिरजेच्या दुकानांतून तंबोऱ्याबरोबर अशा वारकरी वीणाही होतात. मांडवीचे पाणी कुकडीत, कुकडीचे घोडनदीत, घोडनदीचे भीमेत जाते, आणि त्याच भीमेच्या काठी हे भोपळे पिकतात; म्हणजे ओतूरच्या ओढ्यानाल्यांचा या वाद्यात थोडा हिस्सा आहेच. परंतु वीणा कोणी केली, हे विचारणारा मला तरी कोणी भेटला नाही. वारकऱ्याला तसे विचारणे अप्रस्तुत वाटत असावे; वीणा ही त्याच्या लेखी पूजेची वस्तू, वाद्य नंतर.

या धंद्याची आजची हालहवाल मात्र साधी नाही. १९७९ मध्ये बंगळूरात विजेचा तंबोरा निघाला, पुढे तो फोनमध्येच आला, आणि प्रवासातल्या गायकाने भोपळ्याचे लांबलचक वाद्य विमानात घालून नेण्याचे कारण उरले नाही. यंत्राच्या तंबोऱ्याची जवारी झिजत नाही. त्यामुळे ऐकणाऱ्यास त्यात एकाच जागी थांबल्यासारखे वाटते, आणि कारागिराला काम मिळत नाही. भीमाकाठच्या शेतकऱ्यालाही ऊस सोडून भोपळ्याचा वेल महिनोन्‌महिने राखणे परवडत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट. बाहेरच्या बनावट मालाला आळा बसण्यास तिचा उपयोग होईल. पण मानांकन वाद्याला मिळते, आणि मिरजेचा खरा माल वाद्य हा नसून त्याला वरचेवर लागणारा हात हा आहे. त्याची सनद कोणत्याही कचेरीत मिळत नाही. मुलांनी हा हात शिकावा, तर जवारीच्या मजुरीवर घर चालले पाहिजे. आणि ती मजुरी नव्या वाद्याच्या किमतीच्या मानाने अगदी थोडी असल्याने, दुकानदार नवे वाद्य विकण्यास जेवढा उत्सुक असतो, तेवढा जुने दुरुस्त करण्यास नसतो. म्हणून ज्यांना तंबोरा घ्यावयाचा आहे, त्यांनी घेर आणि नक्षी पाहण्यापूर्वी दोन गोष्टींची खातरजमा करून घ्यावी: ही घोडी कोणी घासली, आणि सहा महिन्यांनी आवाज बसला म्हणजे तीच व्यक्ती ती पुन्हा घासून देईल काय. उत्तर मोघम आले, तर वाद्य कितीही देखणे असले तरी पुढच्या दुकानात जावे.