देवीचा रंग कसा ओळखावा?

नवरात्रात देवळात गेलं, की देवीचं हिरवं पातळ पाहून ‘आजच्या देवीचा रंग हिरवा’ असं आपण सहज म्हणून जातो. पहिला घोळ इथेच होतो.

पातळाचा रंग वारावरून ठरतो. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी नारिंगी. उरलेल्या दिवसांना मोरपिशी, गुलाबी, जांभळा. पहिल्या माळेला, म्हणजे पहिल्या दिवशी, नवदुर्गांतली पहिली शैलपुत्रीच असते, पण २०२४ साली घटस्थापना गुरुवारी आली म्हणून पिवळा, २०२५ साली सोमवारी म्हणून पांढरा. हे रंग वाराचे, देवीचे नव्हेत.

देवीचा रंग ध्यानात बघा. ध्यान म्हणजे देवीच्या रूपाचं शब्दांतलं वर्णन. त्यात नवदुर्गांतली सातवी कालरात्री काळी, गाढवावर बसलेली. लगेच आठवी महागौरी गोरीपान, बैलावर.

आता अर्थ. काळा तमाचा, तांबडा रजाचा, पांढरा सत्त्वाचा, अशी तीन गुणांची जुनी वाटणी आहे. दुर्गासप्तशती या देवीच्या ग्रंथातली महाकाली सावळी, महालक्ष्मी पोवळ्यासारखी तांबूस, महासरस्वती चांदण्यासारखी. पण तम म्हणजे वाईट, असं समजू नका. महाकाली ही विष्णूची झोप आहे. ती डोळ्यांवरून उतरते तेव्हाच तो उठून मधु-कैटभ या दैत्यांना मारतो.

आता हात वाचा. उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करून वर जा, मग डावीकडून खाली या. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातांत या क्रमाने महाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे. महाळुंग म्हणजे लिंबाच्या जातीचं मोठं, खडबडीत सालीचं फळ; पानपात्र म्हणजे पिण्याचं भांडं. सप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीच्या हातांत याच चार वस्तू आहेत.

त्या रहस्यात तिची कांती मात्र पोवळ्यासारखी नव्हे, तापवलेल्या सोन्यासारखी सांगितली आहे आणि कोल्हापूरची मूर्ती काळसर दगडाची. म्हणून दगडाच्या रंगावरून ‘ही काली’ असं ठरवू नका.

आणखी एक अडचण. नवरात्रात कोल्हापूरला रोज वेगळ्या रूपात पूजा बांधतात, त्यात मूळ हात झाकले जातात. अशा वेळी मूळ मूर्तीचं चित्र जवळ ठेवा.

तेव्हा आधी हात, मग वाहन, मग ध्यानातला रंग. पातळ सगळ्यात शेवटी. त्यावरून फार तर आज वार कोणता ते कळेल.