जुना लॅपटॉप, रिकामा वेळ आणि लिनक्स : पुढची गाडी येईपर्यंतचा छंद

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवलाय.)

आजचा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे. "घरी जुना लॅपटॉप पडून आहे. पहिली नोकरी सुटली, दुसरी अजून लागायची आहे. लिनक्स शिकू का? काही फायदा होईल, की नुसता टाइमपास?"

मी बोलतोय वर्धा जिल्ह्यातल्या जाममधून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नागपूरहून निघालेला रस्ता इथं फुटतो. एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. जामच्या चौरस्त्यावर उतरलेला माणूस बहुतेक वेळा पुढची गाडी धरायला उतरलेला असतो. मीही सध्या तसाच. कंत्राट संपलं, अर्ज टाकतोय, आणि मधल्या वेळात घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चालवतोय. त्यामुळे आज जे सांगणार ते रोज हाताखालून जाणारं आहे.

आधी हे समजून घ्या : लिनक्स तुमच्या खिशातच आहे

हा भाग तुम्ही अँड्रॉइड फोनवर ऐकत असाल, तर तुम्ही आत्ता लिनक्सच वापरताय. अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्सचा कर्नल आहे. कर्नल म्हणजे काय? हार्डवेअर आणि ॲप यांच्या मधला कारभारी. कुठल्या ॲपला किती मेमरी द्यायची, वाय-फायशी कोण बोलणार, बॅटरी कशी जपायची, हे सगळं तो पाहतो.

आपल्या एसटीचं उदाहरण घ्या. चासी कंपनीकडून येते आणि त्यावर बॉडी चढते. महामंडळाच्या दापोडी, छत्रपती संभाजीनगर आणि आपल्या नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कार्यशाळांत अशा बॉड्या बांधल्या गेल्या आहेत. चासी तीच, पण एकीवर साधी लालपरी होते, दुसरीवर आरामाची गाडी. लिनक्सचा कर्नल म्हणजे ती चासी. उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट या वेगवेगळ्या बॉड्या. यांना डिस्ट्रो म्हणतात. अँड्रॉइड ही त्याच चासीवरची आणखी एक बॉडी. म्हणून "लिनक्स कुठलं टाकू?" याचा खरा अर्थ "कुठली बॉडी घेऊ?" असा असतो.

हे फुकट कसं काय?

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ग्नू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर प्रत्येकाला वापरता, उघडून बघता, बदलता आणि दुसऱ्याला देता आलं पाहिजे, ही त्यांची भूमिका. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं कर्नल लिहायला घेतला. २५ ऑगस्ट १९९१ ला त्यानं तो जाहीर केला, तोही "हा आपला एक छंद आहे" असं सांगून. पुढे त्यानं तो जीपीएल या परवान्याखाली दिला. त्या परवान्याची मुख्य अट अशी : बदल करून दुसऱ्याला दिलंत, तर बदललेला सोर्स कोडही द्या. त्यामुळे जगभरातले लोक आणि कंपन्या त्यात भर घालत गेल्या, आणि ती भर सगळ्यांची राहिली.

गंमत म्हणजे त्याच १९९१ साली पुण्यात सीडॅकनं परम ८००० हा महासंगणक उभा केला होता. आज जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. नोव्हेंबर २०१७ पासून हेच चित्र आहे. सीडॅकनं स्वतःची 'बॉस' नावाची लिनक्स डिस्ट्रोही काढली, मराठीसह भारतीय भाषा धरून. म्हणजे हा छंद परका मुळीच नाही.

आत्ताच का?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, पण तीही घरगुती ग्राहकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ अधिकृतपणे घ्यायचं तर टीपीएम २.० पाहिजे, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. कॉलेजात असताना घेतलेले कितीतरी लॅपटॉप इथंच अडकतात. मशीन धडधाकट, फक्त अपडेट बंद. नवीन घ्यायला पैसे नाहीत, आणि पगार सुरू नसताना कर्ज काढून लॅपटॉप घेणं शहाणपणाचंही नाही. अशा वेळी लिनक्स म्हणजे त्याच मशीनला आणखी काही वर्षं कामात ठेवण्याचा रस्ता.

सुरुवात करणाऱ्यांना मी लिनक्स मिंट सुचवतो. पडद्याची मांडणी विंडोजच्या जवळची आहे : खाली पट्टी, डावीकडे मेन्यू. कमीत कमी २ जीबी रॅम लागते, पण ४ जीबी असेल तर बरं चालतं. मशीन फार दमलेलं असेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

करायचं कसं?

एक. आधी आपल्या फाइल्स दुसरीकडे ठेवा. मार्कशीट, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अनुभवाची पत्रं, घरचे फोटो. पेनड्राइव्हवर एक प्रत आणि ऑनलाइन एक प्रत. हे झाल्याशिवाय पुढं जाऊच नका.

दोन. मिंटची आयएसओ फाइल अधिकृत साइटवरून उतरवा. ती जवळपास ३ जीबीची आहे. रोजचा डेटा २ जीबीचा असेल तर ओळखीच्या कुणाच्या वाय-फायवर उतरवा. मग ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि रूफस किंवा बॅलेना एचर या प्रोग्रॅमनं ती त्यावर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, तशा पेनड्राइव्हवरून मशीन सुरू होणार नाही. लॅपटॉपचं विंडोजच बसलेलं असेल तर फोनवरूनही जमतं : एचड्रॉइड नावाचं ॲप आणि एक ओटीजी केबल. पेनड्राइव्हवर आधीचं जे काही असेल ते पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

तीन. लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबा. एचपीला बहुधा एफ ९, डेल आणि लेनोवोला एफ १२. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. आता मिंट थेट पेनड्राइव्हवरून चालू होईल. याला लाइव्ह मोड म्हणतात. तुमच्या हार्डडिस्कला अजून हातही लागलेला नाही. इथं निवांत तपासा : वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा चालतो का, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो का. मुलगी बघायला जाताना आपण चार गोष्टी विचारतो ना, तसंच. पसंत नाही पडलं तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जिथल्या तिथं आहे.

वाय-फाय दिसलं नाही तर घाबरायचं काम नाही. फोन केबलनं जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा, लॅपटॉपला नेट मिळेल. मग मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडून वाय-फायचा ड्रायव्हर शोधता येतो.

चार. इन्स्टॉल. दोन पर्याय दिसतील : विंडोजच्या शेजारी ठेवा, किंवा अख्खी डिस्क पुसून टाका. शंका असेल तर शेजारी ठेवा. विंडोजमध्ये बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. आणि आपल्या भागातली खास सूचना : जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक मेलेली असते. ढग दाटून आलेत, लाइन ये-जा करतेय, अशा वेळी इन्स्टॉल सुरू करू नका. डिस्कचे भाग पाडताना लाइट गेली तर डेटा जाऊ शकतो.

मराठी कशी लिहायची?

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट जोडा. तुम्हाला इनस्क्रिप्ट येत असेल तर बोटं लगेच सरावतील. उच्चाराप्रमाणे टाइप करायचं असेल तर फोनेटिक लेआउटही आहे. हे सगळं युनिकोड आहे, त्यामुळे लिहिलेलं व्हॉट्सॲपवर, मेलमध्ये, सरकारी अर्जात सगळीकडे तसंच दिसतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइल्स असतील तर मात्र त्या आधी कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतील.

काय जमत नाही, तेही ऐका

टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. अकाउंटची नोकरी शोधत असाल तर विंडोज ठेवणंच भाग आहे. फोटोशॉपही नाही. त्याऐवजी गिम्प आहे, पण फ्लेक्स-बॅनरच्या दुकानात काम हवं असेल तर तिथं फोटोशॉप आणि कोरलच विचारतात. एक्सेलऐवजी लिबरऑफिसचं कॅल्क मिळतं. साधी कामं आरामात होतात, पण एक्सेलचे मॅक्रो असलेल्या फाइल्स अडतात. अंगठ्याची मशीन, डिजिटल सहीचं टोकन, अशा वस्तूंचे ड्रायव्हर बऱ्याचदा विंडोजपुरतेच असतात. प्रिंटरमध्ये एचपीचे बहुतेक सहज लागतात, पण झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर चांगलाच घाम काढतो. म्हणूनच शेजारी-शेजारीचा पर्याय सांगितला.

आता मुख्य मुद्दा : नोकरीला उपयोग?

सरळ सांगतो. नुसतं लिनक्स टाकलं म्हणून कुणी नोकरी देत नाही. पण वेबसाइट आणि ॲप ज्या सर्व्हरवर चालतात, त्यांतले बहुसंख्य लिनक्सवर आहेत. तिथं माउस नसतो, काळा पडदा आणि कमांड असते. सर्व्हर सांभाळण्याचं, क्लाउडचं, नेटवर्कचं काम शोधणाऱ्याला हा पडदा सवयीचा पाहिजे. आणि त्याची भीती घरच्या मशीनवरच जाते, कारण इथं बिघडलं तर कुणाचं नुकसान होत नाही.

सुरुवात रोजच्या गरजेपासून करा. ऑनलाइन अर्ज भरताना काय छळतं? फोटो इतक्या केबीचा, सही तितक्या केबीची. इमेजमॅजिक नावाच्या साधनानं एका ओळीच्या कमांडमध्ये फोटो हव्या त्या आकारात बसतो. दहा मार्कशीट जोडून एक पीडीएफ करायची? तीही एक ओळ. आज एका फोटोसाठी कमांड लिहिली, उद्या तीच पन्नास फोटोंवर फिरवली, की तुम्ही स्क्रिप्ट लिहायला लागलात. शिकण्याची खरी शिडी हीच : आपलं काम, मग कमांड, मग स्क्रिप्ट.

शिकायला पैसे लागत नाहीत. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. लिनक्स, लिबरऑफिस, प्रोग्रॅमिंग यांचे छोटे-छोटे व्हिडिओ, आणि त्यांतले बरेच मराठीत. व्हिडिओ बघायचा, थांबवायचा, आपल्या मशीनवर तसंच करून पाहायचं, अशी त्यांची पद्धत. फोनवर व्हिडिओ आणि समोर लॅपटॉप, एवढी मांडणी पुरते.

आणि एक वही करा. आज काय अडलं, पडद्यावर कोणता एरर आला, कशानं सुटलं, तारखेसह लिहा. मुलाखतीत "लिनक्स येतं" असं म्हणणारे खूप भेटतात. "वाय-फायचा ड्रायव्हर नव्हता, फोनवरून नेट घेतलं, कार्डाचा नंबर शोधला, मग ड्रायव्हर लावला" असं क्रमानं सांगणारे कमी. समोरच्याला त्यातून तुमची विचार करायची पद्धत दिसते.

वेळेचं गणित

एक धोकाही सांगतो, कारण तो मला रोज दिसतो. लिनक्समध्ये वेळ कसा जातो कळत नाही. थीम बदल, आयकॉन बदल, आज मिंट, उद्या फेडोरा, परवा तिसरंच. संध्याकाळी घरचे विचारतात, "दिवसभर त्या डब्यासमोर काय करतोस बावा?" आणि उत्तर द्यायला काही नसतं. नोकरी नसताना मनाला लपायला जागा हवी असते, आणि हा छंद तशी जागा सहज देतो.

म्हणून माझा नियम असा : सकाळी अर्ज, फोन, मुलाखतीची तयारी. लिनक्स दुपारून, दोन तास. महिनाभर एकच डिस्ट्रो. आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचं काही करायचं. शेजारच्या पोराचा बंद पडलेला लॅपटॉप लाइव्ह मोडमध्ये सुरू करून त्याच्या फाइल्स काढून दिल्या, घरच्या हिशेबाची शीट बनवली. दुसऱ्याच्या उपयोगी पडलं की घरच्यांना वेगळं समजावावं लागत नाही, आणि आपल्यालाही आपण रिकामे वाटत नाही. नोकरी गेल्यावर पैशाआधी जे कमी होतं ते हेच असतं : सकाळी उठल्यावर "आज आपलं काय काम आहे" याचं उत्तर.

तर या आठवड्याचं काम एवढंच : फाइल्सची प्रत, एक पेनड्राइव्ह, आणि लाइव्ह मोडमध्ये अर्धा तास. इन्स्टॉलची घाई नाही. काय चाललं, काय नाही चाललं, वहीत लिहा. पुढच्या भागात काळ्या पडद्यावरच्या पहिल्या दहा कमांड बघू. तोपर्यंत अर्ज टाकत राहा मंडळी. भेटू!