‘शंभरा’ने घातलेला घोळ

शंभराला संस्कृतात ‘शतम्’ म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. इराणच्या प्राचीन अवेस्ता ग्रंथाच्या भाषेत त्याला ‘सतेम्’ म्हणत. लिथुएनियन भाषेत ‘शिम्तास’ म्हणतात. लॅटिनमध्ये मात्र ‘केन्टुम्’. हे सारे शब्द एकाच मूळ शब्दापासून निघाले आहेत. त्या मूळ शब्दाच्या आरंभी ‘क’सारखा ध्वनी होता. लॅटिनने तो राखला. संस्कृत, इराणी आणि स्लाव्ह भाषांनी त्याचा ‘श’ किंवा ‘स’ केला. यावरून १९ व्या शतकातील भाषाशास्त्रज्ञांनी भारत-युरोपीय भाषाकुलाचे दोन गट पाडले. पश्चिमेकडील भाषा ‘केन्टुम्’ गटातील आणि पूर्वेकडील ‘सतेम्’ गटातील. नकाशा कसा छान सुटसुटीत झाला!

तो बिघडवला वाळवंटाने. चीनच्या वायव्येस, आजच्या शिनच्यांग प्रांतात, तकलामकान नावाचे ओसाड वाळवंट आहे. त्याच्या उत्तर कडेला कुचा, काराशहर, तुर्फान ही व्यापारी मार्गावरची गावे. २० व्या शतकाच्या आरंभी तेथे पडक्या बौद्ध विहारांतून जुन्या पोथ्यांची पाने सापडू लागली. पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून कागद टिकला होता. पाने साधारण ५ व्या ते १० व्या शतकातील. लिपी आपल्या ब्राह्मीपासून निघालेली, त्यामुळे अक्षरे लागत होती. पण भाषा कोणालाच ओळखू येईना. सुदैवाने बरेच लेखन संस्कृत बौद्ध ग्रंथांचे भाषांतर होते. मूळ ग्रंथाशी ताडून पाहत झीग आणि झीगलिंग या दोन जर्मन विद्वानांनी १९०८ साली जाहीर केले, की ही भारत-युरोपीय कुळातील एक नवीच भाषा आहे. खरे तर एकमेकींच्या जवळच्या दोन भाषा होत्या. एकीला ‘अ’ आणि दुसरीला ‘ब’ म्हणू लागले.

त्यांतल्या ‘अ’ भाषेत पित्याला ‘पाचर्’ आणि मातेला ‘माचर्’ म्हणतात. आठ म्हणजे ‘ओक्त’. आणि शंभर? ‘अ’मध्ये ‘कन्त’, ‘ब’मध्ये ‘कन्ते’! बहुतेक ‘सतेम्’ भाषांच्याही पूर्वेला, चीनच्या दारात, ‘क’ राखणारी भाषा निघाली. शिवाय लॅटिन आणि केल्टिक भाषांत कर्मणी क्रियापदांच्या शेवटी येणारा ‘र्’ येथेही होता. काहींना वाटले, हे लोक लॅटिनचे जवळचे नातलग असून युरोपातून इतक्या दूर आले असावेत.

आता असे समजा, वर्गातील दोन मुलांच्या उत्तरपत्रिकांत दहा गणिते सारखीच बरोबर आहेत. गुरुजी काही म्हणणार नाहीत. परंतु अकराव्या गणितात दोघांनी एकच विचित्र चूक केली असेल, तर ते लगेच विचारतील, ‘कोणी कोणाचे पाहिले?’ भाषांचेही असेच आहे. जुना वारसा दोघींनी राखला, यावरून जवळीक सिद्ध होत नाही. दोघींनी मिळून एकच नवा बदल केला असेल तरच ती दिसते. ‘क’ हा वारसा होता. आणि ‘र्’? १९१५ साली ह्रोझ्नी यांनी तुर्कस्तानातील हित्ताइत भाषेचा उलगडा केला. तिच्या मातीच्या विटा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या, आणि त्यांतही हा ‘र्’ सापडला! म्हणजे तोही वारसाच.

या भाषेने स्वतः केलेले बदल मात्र तिच्या एकटीचे आहेत. त, द, ध या तिन्हींचा तिने एकच ‘त’ केला. म्हणून आपला ‘मधु’ तेथे ‘मित’ झाला. चिनी भाषेने हाच शब्द उचलला असे मानतात. मधाला चिनीत आजही ‘मी’ म्हणतात. अशा पुराव्यांवरून आज बहुतेक विद्वान तिला स्वतंत्र शाखा मानतात, आणि हित्ताइतच्या शाखेनंतर मूळ खोडापासून हीच सर्वांत आधी फुटली असावी, असे म्हणतात. मात्र यावर एकमत नाही.

एकमत तर तिच्या नावावरही नाही. तिला ‘तोखारियन’ म्हणतात ते १९०७ साली केलेल्या एका तर्कावरून. ग्रीकांनी उल्लेखलेले आणि आपल्या पुराणांतील ‘तुखार’ लोक हेच, असा तो तर्क. पण ज्या प्रदेशाला पुढे तोखारिस्तान नाव पडले, तेथील लेखन निराळ्याच, इराणी भाषेत आहे. नाव चुकीचे असावे, पण ते रूढ झाले. ७ व्या शतकात ह्युएन त्संग या भागातून गेला (पुढे तो महाराष्ट्रातही आला होता). त्याने त्या राज्यांना अग्नी आणि कुची म्हटले आहे.

तारीमच्या खोऱ्यात सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीची, वाळूत सुकून टिकलेली प्रेते सापडली आहेत. गोरटी चर्या आणि लोकरी कपडे पाहून पुष्कळांनी त्यांना तोखारियनांचे पूर्वज ठरवून टाकले होते. २०२१ साली त्यांतील सर्वांत जुन्या प्रेतांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते पश्चिमेच्या गवताळ प्रदेशातून आलेले नसून आशियातील एका फार जुन्या, स्थानिक लोकसमूहाचे निघाले. ते कोणती भाषा बोलत हे कसे कळणार? तोखारियनचे पहिले अक्षर त्यांच्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी लिहिले गेले.