विजेची सायकल घरी बनवता? आधी दाते मोजा!

आपल्या वस्त्यांत हुशार हातांची कमतरता नाही. आयटीआयला जाणारा किंवा गॅरेजवर काम शिकणारा एखादा मुलगा वडिलांच्या जुन्या सायकलीला मोटार आणि बॅटरी जोडतो, ती धावू लागते आणि सारी आळी पाहायला जमते. आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी कामावर, शाळेत, दवाखान्यात जायला स्वतःचे स्वस्त वाहन असणे ही मोठी सोय आहे. पण पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती पळेल?" मग हजार वॅटची मोटार मागवली जाते आणि घामाचे पैसे तिथेच अडकतात. वास्तविक पहिला प्रश्न हा हवा की, चाकाला मिनिटाला किती फेरे हवेत?

दात्यांचा हिशेब

हिशेब पाचवीच्या मुलालाही जमेल असा आहे. आपली २८ इंची साधी सायकल चाकाच्या एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर पुढे जाते. ताशी २५ किलोमीटर वेगासाठी चाकाला मिनिटाला सुमारे १९० फेरे लागतात. मोटार मात्र मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे फिरते. म्हणजे फेरे १५ पट कमी करावे लागतात. एका चेनने ते होत नाही, कारण मोटारीवर ९ दाते असतील तर मागे १३५ दात्यांचे चाक लावावे लागेल! म्हणून पोटातच गियर असलेली मोटार घ्यावी.

समजा, अशा २४ व्होल्ट, २५० वॅटच्या मोटारीचा बाहेरचा दांडा मिनिटाला ३०० फेरे देतो. त्यावर ९ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलवर १८ दाते ठेवले, तर चाक १५० फेरे घेईल आणि वेग ताशी सुमारे २० किलोमीटर होईल. मागे १६ दाते लावले तर सुमारे २२. पुढे १८ आणि मागे १६ लावले, तर कागदावर ४४ दिसतील. पण फेरे दुप्पट झाले की चाकाची ओढ निम्मी होते. सपाटीवरही मोटार तो वेग गाठणार नाही. चढावर ती जवळजवळ थांबेल, आणि थांबलेली मोटार सगळी वीज उष्णतेत घालवते. आधी कंट्रोलर जातो, मागोमाग मोटार. आपला भाग बालाघाटाचा, चढउतारांचा. इथे ओढीला किंमत आहे.

वेगाचा जमाखर्च

सायकल, बॅटरी आणि माणूस मिळून ९५ किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरला चाकाशी साधारण ११५ वॅट लागतात, ४० ला सुमारे ६००. वेग दुप्पट, खर्च पाचपट! कारण वारा. वाऱ्याशी झुंजायला लागणारी शक्ती वेग दुप्पट केला की आठपट होते. मोटारीतली गळती धरून २४ व्होल्ट, १२ अँपिअर-तासाची बॅटरी २० च्या वेगाने हिशेबात ३५ किलोमीटर जाईल, ४० च्या वेगाने १४ च्या आसपास. रस्त्यावर याहून कमीच मिळेल. पायडल मारत राहिलात तर मात्र वाढेल.

चाकात बसणाऱ्या हब मोटारींत दोन जाती आहेत. बिनगियरची जड असते, हळू वेगात तिचा जोर कमी पडतो. गियरची हलकी असते, चढावर बरी. सायकलीला मागे गियर असतील आणि मोटार त्याच चेनमधून ओढत असेल, तर चढ सर्वांत चांगला चढतो, पण चेन लवकर झिजते.

साताऱ्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकल रिक्षा सुधारताना तिला गियर दिले, शिवाय मोटारीची मदत असलेली आणि पूर्ण विजेवरची रिक्षाही बनवली. २००२ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांनी ते काम मांडले. रिक्षा ओढणाऱ्या माणसाचे कष्ट कमी करणे हा त्यामागचा हेतू होता. गियर आणि मोटार ही अशी माणसाच्या कामी यावीत.

जिवाचा आणि कायद्याचा प्रश्न

वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते. दांड्याचे ब्रेक, गंजलेली रिम आणि जुना चिमटा माणसाच्या पायांच्या वेगासाठी बनले आहेत. पावसात ओल्या रिमवर ते ब्रेक आणखी कमी धरतात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार २५० वॅटच्या आत, वेग २५ च्या आत आणि बॅटरीवाचून वजन ६० किलोपर्यंत असेल, आणि मान्य चाचणी संस्थेचा दाखला असेल, तरच विजेच्या दुचाकीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. पुण्याची एआरएआय ही अशी एक संस्था. घरच्या सायकलीजवळ हा दाखला नसतो, म्हणून रस्त्यावर काढण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने वाढीव वॅटच्या, वेग वाढवलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. तुमची सायकल कायद्याने मोटार वाहन ठरली आणि अठराच्या आतल्या मुलाने ती चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मजुरी करणाऱ्या घराला हे परवडेल काय?

आयाबहिणींनो, आणखी एक गोष्ट. घर एका खोलीचे असेल तर लिथियम बॅटरी रात्री झोपताना चार्जिंगला लावू देऊ नका, दाराच्या वाटेत तर नाहीच. सेल घरी जोडून बॅटरी बनवणे सर्वांत धोक्याचे. संरक्षक सर्किट असलेली तयार बॅटरी आणि तिचाच चार्जर घ्या.

मुलाने सायकल बनवायला घेतली तर त्याला रागावू नका. त्याच्या हातात वही द्या आणि विचारा, पुढे किती दाते, मागे किती, चाकाचे फेरे किती? ज्याला हा हिशेब मांडता येतो, त्याच्या हातात उद्याचा कारागीर आहे. वीसच्या वेगाने चढ चढणारी आणि ब्रेक दाबताच थांबणारी सायकल त्याने बनवली, तर ती घराच्या रोज कामी येईल.