पहिली जानेवारी आणि घोडीचे घड्याळ

आपल्याकडे एका पिढीतल्या पुष्कळ माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता आली नाही आणि गुरुजींनी आपल्या अखत्यारीत १ जून लिहून टाकली, एवढेच त्याचे रहस्य. शर्यतीच्या घोड्यांच्या बाबतीत हेच काम घोडदौडीच्या कारभाऱ्यांनी करून ठेवले आहे. उत्तर गोलार्धात जन्मलेल्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याचा वाढदिवस १ जानेवारी; तिकडे ऑस्ट्रेलियात १ ऑगस्ट. एखादे शिंगरू ३१ डिसेंबरच्या रात्री जन्मले, तर दुसऱ्या दिवशी ते कागदोपत्री एक वर्षाचे होते!

गुरुजींच्या १ जूनने फार तर पेन्शन काही महिने मागेपुढे झाले असेल. इथे मात्र जानेवारीत जन्मलेले आणि मे महिन्यात जन्मलेले शिंगरू पुढे एकाच वयोगटात धावते. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत चार महिन्यांचा फरक म्हणजे आठवीतल्या मुलाला सहावीतल्याशी कुस्ती खेळायला लावण्यासारखे आहे. म्हणून मालकाला शिंगरू हवे असते वर्षाच्या आरंभी. घोडीचा गाभणकाळ साधारण अकरा महिन्यांचा. तेव्हा ती फेब्रुवारीच्या मध्यापासून फळू लागली पाहिजे, असे गणित निघते.

घोडीला हे गणित मान्य नाही. तिचे घड्याळ सूर्यावर चालते. रात्री अंधारात मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन नावाचे संप्रेरक सोडते. रात्र लांब तोवर ते अधिक काळ वाहते आणि बीजकोश निजून राहतात. दिवस मोठे होऊ लागले की झोप उडते, घोडी दर एकवीस-बावीस दिवसांनी माजावर येऊ लागते आणि पुढच्या वसंतात, कोवळ्या गवताच्या दिवसांत, शिंगरू जन्मते. इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस आठ तासांचाही नसतो. आपल्या पुण्यात तोच दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. त्यामुळे पुण्याजवळच्या स्टड फार्मवरच्या घोडीची झोप तिच्या विलायती बहिणीइतकी गाढ नसते. विषुववृत्ताजवळ तर कित्येक घोड्या वर्षभर माजावर येतात.

या झोपेवरचा खरा उपाय औषध नव्हे, दिवा! डिसेंबरच्या आरंभापासून तबेल्यात संध्याकाळी दिवे लावून दिवस सोळा तासांचा केला, की दोन-अडीच महिन्यांत घोडीचे शरीर वसंत आला असे समजते. सुईने हे काम होईल या आशेवर राहणारा मालक बहुधा पैसे गमावतो, कारण गाढ झोपलेल्या बीजकोशाला नेहमीची संप्रेरके दाद देत नाहीत.

औषधाची पाळी येते ती जाग येताना. या संधिकाळात घोडी कित्येक आठवडे माजाची लक्षणे दाखवते. पण बीजांड काही सुटत नाही. पैदाशीचा घोडा मात्र फुकट दमतो, आणि नामांकित घोड्याच्या दारी तर एका हंगामात शंभरावर घोड्या रांगेत असतात. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला मुळीच परवानगी नाही, तेव्हा वेळ चुकली की घोडीची फेरी वाया. अशा वेळी अल्ट्रेनोजेस्ट नावाचे तेलासारखे औषध दहा ते पंधरा दिवस खाद्यातून किंवा तोंडातून देतात. ते प्रोजेस्टेरॉनची नक्कल करते आणि माज दाबून धरते. देणे थांबवले की धरण उघडल्यासारखे होते. चार-पाच दिवसांत घोडी नीट माजावर येते.

दुसरी अडचण वर्षाच्या हिशेबाची. वर्ष ३६५ दिवसांचे, गाभणकाळ सुमारे ३४०. म्हणजे दरवर्षी त्याच सुमारास शिंगरू हवे असेल, तर व्याल्यावर पंचवीस दिवसांत घोडी पुन्हा फळली पाहिजे. एक पाळी हुकली की तीन आठवडे गेले. ते वाचवायला प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन असते. बीजांड सुटल्यावर त्या जागी तयार होणारा पीतपिंड ते मोडून काढते. पण तो पाच दिवसांचा तरी झालेला असावा लागतो. सुई टोचल्यावर घोडीला दरदरून घाम फुटतो, पोटात कळा येतात. अर्ध्या-पाऊण तासात ती सावरते. आणि सोनोग्राफीत बीजांडाची पुटी पस्तीस मिलिमीटरच्या पुढे गेलेली दिसली, की एचसीजीची सुई देतात. मग छत्तीस ते अठ्ठेचाळीस तासांत बीजांड सुटते, आणि घोडा केव्हा दाखवायचा हे घड्याळ लावून ठरवता येते.

हे एचसीजी येते कुठून? गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून. उलट, ऋतुनिवृत्तीच्या त्रासावर जगभरच्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे घेतलेली प्रेमारिन ही गोळी गाभण घोड्यांच्या मूत्रापासून बनते. ती १९४२ पासून बाजारात आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीने अशा उपचारांचे धोके दाखवल्यावर तिचा खप घसरला. बाई आणि घोडी यांच्यातली ही देवघेव दोघींनाही न विचारता चालली आहे.

तापीकाठी सारंगखेड्याच्या बाजारात आजही जाणकार घोड्याचे वय दात पाहून सांगतो. तिथल्या घोडीला दिव्याची गरज नाही आणि सुईचीही. मला या औषधांचा राग नाही. अनुभवी पशुवैद्याच्या हाती ती घोडीचे हेलपाटे वाचवतात, हे खरेच आहे. पण इथे घोडी आजारी नसते. चुकीची आहे ती तारीख, आणि ती दुरुस्त करणे कारभाऱ्यांच्या एका ठरावाचे काम आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत इंग्लंडात घोड्यांचे वय १ मे पासून मोजत, म्हणजे घोडीच्या घड्याळाच्या कितीतरी जवळ.

तबेल्यात रोज औषध पाजणारा मोतद्दार या सगळ्या चर्चेत कुणाच्या ध्यानात येत नाही. आता या कामात मुलीही पुष्कळ आहेत. अल्ट्रेनोजेस्ट कातडीतून सहज शरीरात शिरते आणि घोडीच्या शरीराशी जे करते तेच बाईच्या शरीराशीही करते: पाळी पुढे जाते, अनियमित होते. गर्भवती स्त्रीने त्याला हातही लावू नये, आणि प्रोस्टाग्लँडिनची सुई तिने व दमेकऱ्याने हाताळू नये. बाकीच्यांनी हातमोजे घालावेत, पण तेही नायट्राइलचे किंवा व्हिनाइलचे. दवाखान्यात सर्रास मिळणाऱ्या पातळ लेटेक्स मोज्यांतून हे तेल आरपार जाते.