निरोपाचीही उत्तरपूजा असावी

परदेशात पाच-सहा वर्षे शिकून मूल घरी परतते, तेव्हा घर आनंदात असते. मूल मात्र गप्प असते. या गप्प राहण्याचा अर्थ काय, आणि घराने त्याला कशी साथ द्यावी?

हैदराबादच्या शमशाबाद विमानतळाबाहेर उन्हाळ्याच्या अखेरीस एखाद्या पहाटे थोडा वेळ उभे राहावे. ‘एमएच २४’ आणि ‘एमएच २६’ क्रमांकाच्या, म्हणजे लातूर-नांदेडच्या गाड्या तिथे हमखास दिसतात. मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, म्हणून इकडची माणसे मुलांना आणायला तिथेच जातात. आईच्या हातात पेढ्यांचा पुडा, वडिलांच्या हातात हार. दोन मोठ्या बॅगा ढकलत घरचा ‘डॉक्टर’ बाहेर येतो. फोटो होतात, डोळे पाणावतात, गाडी निघते. जहीराबाद मागे पडते, बीदर येते. आई मागे वळून पाहते, तर मुलगा खिडकीला डोके टेकवून फोनमधला एक बर्फाळ रस्ता न्याहाळत असतो. ‘दमला असेल,’ असे म्हणून घरचे त्याला झोपू देतात.

दमलेला तर तो असतोच; पण तेवढेच नसते. ज्या गावात तो लहानाचा मोठा झाला नाही, पण मुलाचा माणूस झाला, त्या गावाचा तो निरोप घेऊन आलेला असतो. कधी कधी तर निरोप न घेताच आलेला असतो. या दोहोंत फरक आहे, आणि तो पुढच्या कित्येक महिन्यांच्या मनःस्वास्थ्यात उतरतो.

अठराव्या वर्षी गेलेले मूल

‘लातूर पॅटर्न’ने या भागाला अभ्यासाची शिस्त दिली. लातूर आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांत आज दूरदूरच्या गावांतून मुले येतात. पण ‘नीट’ परीक्षा देणारे पुष्कळ आणि सरकारी महाविद्यालयांतील जागा मोजक्या. खासगी महाविद्यालयांचे शुल्क शेतकरी किंवा शिक्षक कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून अनेक मुले रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स अशा देशांची वाट धरतात. २०२१च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा लागतो आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. म्हणजे साडेपाच ते सहा वर्षे. अठराव्या वर्षी गेलेले मूल चोविसाव्या वर्षी परत येते.

या वर्षांत त्याने पहिल्यांदा स्वतःचा स्वयंपाक केला, पहिल्यांदा मृतदेहावर शिकला, परक्या भाषेत रुग्णाला ‘कुठे दुखते?’ असे विचारले. आजारपणात रूममेटने रात्रभर उशाशी बसून काढले. केरळचा, राजस्थानचा, कलबुर्गीचा असे चौघे एका खोलीत घरासारखे राहिले. ती खोली आता रिकामी झाली आहे. ते चौघे पुन्हा भेटतीलही. पण त्या वयात, त्या खोलीत, त्या थंडीत पुन्हा कधीच नाही.

घड्याळ अर्धा तास, मन सहा वर्षे

बिश्केकचे घड्याळ भारतापेक्षा केवळ अर्धा तास पुढे आहे, तिबिलिसीचे दीड तास मागे. त्यामुळे अमेरिकेहून परतणाऱ्यासारखी दिवस-रात्रीची उलथापालथ इथे होत नाही. उन्हाची सवय परतायलाही शरीराला साधारण एक ते दोन आठवडे पुरतात. म्हणून घरच्यांना वाटते, आता सगळे सुरळीत झाले. पण महिना उलटला तरी मूल उशिरापर्यंत जागते, चिडते, ‘तिकडे असे नसते’ असे म्हणत राहते. त्यावर ‘परदेशाचे वारे लागले’ असा शेरा बसतो.

हा गर्व नव्हे. बहुतेक वेळा ते दुःख असते. परदेशी जाऊन राहणाऱ्यांचा मानसिक प्रवास कसा होतो, याचा अभ्यास लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने १९५५मध्ये मांडला. आरंभी उत्साह, मग खचणे, मग हळूहळू रुळणे, अशी ती वाट. १९६३मध्ये जॉन आणि जीन गलाहॉर्न या दांपत्याने तिला पुढचा टप्पा जोडला. मायदेशी परतल्यावर हाच चढ-उतार पुन्हा एकदा घडतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्येक जण याच वाटेने जातो असे नाही, हे पुढील अभ्यासांनी दाखवले आहे. पण परतणेही अवघड असू शकते, ही त्यांची मूळ जाणीव आजही मोलाची आहे. जाताना सगळे बजावतात, ‘जपून राहा, परका मुलूख आहे.’ परत येताना असे कोणी बजावत नाही. आणि घरही तेच उरलेले नसते. आजी गेलेली असते, ताईचे लग्न झालेले असते, अभ्यासाच्या खोलीत धान्याची पोती आलेली असतात.

‘येतो’ म्हणणारी आपली भाषा

मराठी माणूस दारातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून कोणी ‘जातो’ म्हणालेच, तर घरातील वडीलधारे टोकतात. हा फार मायेचा संस्कार आहे. पण त्यामुळेच कायमचा निरोप घेण्याची आपल्याला सवय नसते. मुले वसतिगृहाच्या दारातही ‘येतो रे’ म्हणून निघतात आणि मनाला कळत असते, की आता येणे नाही.

तरीही निरोप कसा घ्यावा, हे आपल्याला ठाऊक नाही असे मुळीच नाही. दरवर्षी आपण गणपतीला आणि मराठवाड्यात घरोघरी बसणाऱ्या महालक्ष्म्यांना निरोप देतोच. गणपती उचलून थेट पाण्यात सोडत नाही. आधी उत्तरपूजा होते. सेवेत काही उणे राहिले असेल तर क्षमा मागितली जाते. आरती होते. हातावर दही ठेवले जाते, सोबत शिदोरी दिली जाते, मूर्ती जागची किंचित हलवली जाते. मग नांदेडच्या गोदाघाटावर ‘पुढच्या वर्षी लवकर या’चा गजर होतो. आणि परतताना अनेक घरांत नदीकाठची मूठभर वाळू आणून रिकाम्या पाटावर ठेवतात.

नवल असे, की परदेशी राहणाऱ्या कुटुंबांसोबत काम केलेल्या डेव्हिड पोलॉक या अमेरिकी अभ्यासकाने स्थलांतरितांसाठी जो क्रम सुचवला, तो याच्याशी जुळतो. त्याने त्याला ‘राफ्ट’, म्हणजे तराफा, असे नाव दिले. या तराफ्याचे ओंडके चार. पहिला समेटाचा, दुसरा कृतज्ञतेचा, तिसरा निरोपाचा आणि चौथा पुढच्या मुक्कामाच्या विचाराचा. क्षमा, आरती, विसर्जन आणि ‘पुढच्या वर्षी’! आपली उत्तरपूजा आणि त्याचा तराफा एकच गोष्ट सांगतात. निरोपाला वेळ द्यावा लागतो आणि क्रमही.

म्हणून परतीच्या निदान महिनाभर आधी मुलाने ही उत्तरपूजा सुरू करावी. स्वयंपाकाच्या पाळीवरून ज्याच्याशी बोलणे तुटले, त्याच्याशी आधी बोलावे. अंतर वाढले की अबोला घट्ट होतो. वॉर्डात भाषा शिकवणारी परिचारिका, मेसमधले काका, पहिल्या हिवाळ्यात जाड कोट देणारा वरचा विद्यार्थी यांना भेटून, काय मिळाले ते शब्दांत सांगावे. रोजची बाग, बाजार, बसथांबा एकदा शांतपणे पाहून यावा. आणि शेवटी घरी गेल्यावर काय वाट पाहते आहे, याचा मोकळेपणाने विचार करावा. घरच्यांनीही फोनवर ‘सामान भरले का?’ या प्रश्नासोबत ‘कोणाकोणाला भेटून झाले?’ असे जरूर विचारावे.

ज्यांना निरोपच मिळाला नाही

सर्वांच्या वाट्याला असा महिना येत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण झाले आणि खारकीव्हसारख्या शहरांतील आपली मुले तळघरांत, मेट्रो स्थानकांत जाऊन बसली. मिळेल त्या गाडीने पोलंड, हंगेरी, रोमानियाच्या सीमा गाठल्या. ‘ऑपरेशन गंगा’ आणि त्याआधीची विमाने मिळून २२ हजारांहून अधिक भारतीय परतले. त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते आणि मराठवाड्यातील मुलेही होती. जीव वाचला, याहून मोठे काय? पण शिक्षकांचा, शेजारच्या आजीबाईंचा निरोप राहिला.

चीनमध्ये शिकणाऱ्यांचे दुःख अधिक शांत होते. २०२०च्या जानेवारीत ती मुले सुटीसाठी लहानशी बॅग घेऊन घरी आली. मार्चअखेरीस चीनने परदेशी नागरिकांना दारे बंद केली. भारतीय विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा मिळू लागला तो २०२२च्या ऑगस्टअखेरीस. अडीच वर्षे पुस्तके तिकडे आणि मूल इकडे, अशी अवस्था होती.

अशा राहिलेल्या निरोपाची उत्तरपूजा उशिरानेही करता येते. त्या गावाला, त्या खोलीला किंवा एखाद्या माणसाला पत्र लिहावे; ते पाठवलेच पाहिजे असे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या प्रयोगांत रोज १५-२० मिनिटे, सलग तीन-चार दिवस, मनातले सारे लिहून काढायला सांगितले जाई. हा रामबाण उपाय नव्हे. पण अनेकांना त्याने हलके वाटते. लिहिताना त्रास असह्य झाला, तर थांबावे.

घराने काय करावे

पहिली गोष्ट, परतल्या दिवसापासून ‘परीक्षा कधी?’ हा धोशा लावू नये. परदेशी पदवीधरांची परीक्षा वर्षातून दोनदा होते. ३०० पैकी १५० गुण मिळवावे लागतात. पुढे इथली इंटर्नशिप असते. हे सारे त्याला आपल्यापेक्षा अधिक माहीत असते. शेजारी विचारतीलच, निदान घरात तरी पहिले काही दिवस विसाव्याचे असावेत.

दुसरी गोष्ट, तिकडच्या गोष्टी ऐकाव्यात. फोटो पाहताना माणसांची नावे विचारावीत. त्याने शिकून आणलेला बीटाचा बोर्श किंवा चीज घातलेली खाचापुरी एकदा त्याच्याच हातची खावी.

तिसरी गोष्ट, तिकडच्या नात्यांना मान द्यावा. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६मध्ये फिलाडेल्फियातून वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या. न्यू जर्सीच्या श्रीमती कार्पेंटर यांनी त्यांना लेकीसारखे सांभाळले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले आणि त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. पकिप्सी येथील त्यांच्या कौटुंबिक दफनभूमीत आजही त्यांचे स्मृतिचिन्ह आहे. परक्या मुलुखातले नाते इतके खरे असू शकते, हे आपल्या माणसांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच ओळखले होते.

उदासी सलग दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक उडाली, मूल खोलीबाहेर येईनासे झाले किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर वाट पाहू नये. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो. भावी डॉक्टरलाही डॉक्टर लागतो, यात संकोच कसला?

सामान सोडताना त्याच्या बॅगेतून एखादा निरुपयोगी दगड, बसचे जुने तिकीट, रंग उडालेला कप निघेल. ‘हा कचरा कशाला आणलास?’ असे विचारू नये. ती त्याने आणलेली मूठभर वाळू आहे. तिला घरातल्या पाटावर जागा द्यावी.