नैराश्यावर उपचार : शरीराचा की मनाचा?

आज आपण नैराश्याच्या उपचारांचा विचार करू. आधी एक भेद लक्षात घेऊ. अर्जुनाला रणांगणावर झाला तो विषाद. त्यातून त्याने प्रश्न विचारले. नैराश्याच्या आजारात प्रश्न विचारायची उमेदच उरत नाही. दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज मन उदास, कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली, ‘आपण निरुपयोगी आहोत’ असं वाटणं, हे दिसलं की ‘मन खंबीर कर’ म्हणून भागत नाही. कारण जे मन खंबीर करायचं, तेच आजारी आहे.

मग उपचार शरीराचा की मनाचा? तत्त्वज्ञानात हा वाद जुना आहे, पण रुग्णाने त्याच्या निकालाची वाट पाहायचं कारण नाही. दोन्ही बाजूंनी उपाय होतो.

पहिला उपाय औषधं. १९५०च्या दशकात क्षयाचं औषध घेणाऱ्या काही रुग्णांची मनःस्थिती सुधारलेली दिसली आणि या शोधाला वाट मिळाली. आजच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता असा त्रास मात्र आधी होऊ शकतो. म्हणून पुष्कळ जण आठवड्यातच गोळी सोडतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावं लागतं आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद करावं लागतं.

दुसरा उपाय मानसोपचार. घटनांपेक्षा घटनांविषयीची आपली मतं आपल्याला जास्त छळतात, हा एपिक्टेटसचा विचार. अल्बर्ट एलिस यांनी त्यावर उपचारपद्धती उभी केली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली. ‘मला काहीच जमत नाही’ हे वाक्य इथे तपासलं जातं : काहीच म्हणजे नक्की काय? गोव्यात तर प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी रुग्णांना छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करायला मदत केली. त्याचा फायदा झाला, हे २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. आजार सौम्य असेल तर मानसोपचार पुरेसा ठरू शकतो. तीव्र असेल तर औषधांची जोड लागते.

तिसरा उपाय विद्युत उपचार, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला ‘शॉक’. रुग्ण अन्नपाणी सोडतो, जिवाला धोका असतो, तेव्हा हा फार उपयोगी पडतो. काही काळ विस्मरण होऊ शकतं. पण सिनेमात दाखवतात तसं काही नसतं. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय तो करायला २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. घरातलं कुणी ‘आता जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर विषय बदलू नये. ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नये, लगेच डॉक्टरांकडे न्यावं. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही उपलब्ध आहे. हा क्रमांक आपण सगळ्यांनी आजच लिहून ठेवू.